रोग्याची बोली

शास्त्रपाठ : मार्क ७:३१–३७



मार्काच्या सातव्या अध्यायाच्या शेवटी एका बहिऱ्या मनुष्याची गोष्ट आहे. इतर तिघा शुभवर्तमानकारांनी ती दिलेली नाही. प्रभू सोर व सीदोन ह्यांच्या बाजूने फिरत फिरत दकापलीस म्हणजे दहा नगरांच्या मुलखात आला होता. तो मुलूख बहुतांशी परक्यांचा; तेथे हेल्लेणी लोकांची वस्ती, त्यांची भाषा व त्यांची देवळे. तेथे लोकांनी एका मनुष्यास त्याच्याकडे आणिले. त्याला ऐकू येत नव्हते व त्याची जीभ अडखळत होती. विनंती केली ती लोकांनी. रोग्याने स्वतः काहीच मागितले नाही, आणि आपल्याविषयी काय बोलणे चालले आहे हेही त्याला कळत नव्हते. माणसे आपल्याला धरून एका अनोळखी गुरूपुढे उभे करितात, सर्वांची तोंडे हलतात, आणि आपल्याला काही म्हणता काही उमजत नाही, ही स्थिती किती भयाची असेल ह्याची वाचकांनी कल्पना करावी.

लोकांचे म्हणणे एवढेच होते की प्रभूने त्याच्यावर हात ठेवावा. तेवढे केले असते तरी तो बरा झाला असता. शताधिपतीच्या चाकरास तर प्रभूने पाहिलेदेखील नव्हते, तरी तो बरा झाला. मग ह्या एका रोग्याकरिता त्याने इतक्या गोष्टी का केल्या? त्याला गर्दीतून एकीकडे नेले, त्याच्या कानांत बोटे घातली, थुंकून त्याच्या जिभेस स्पर्श केला, वर आकाशाकडे पाहिले, उसासा टाकिला, आणि मग तो एक शब्द उच्चारिला. धर्मशास्त्रशाळेत असताना आमच्या गुरुजींनी ह्या थुंकण्याविषयी विद्वानांची तीन निरनिराळी मते सांगितली होती. त्यांतील दोन मी विसरलो आहे व तिसऱ्याने माझे समाधान झाले नाही. परंतु पाड्यापाड्यांतून आजाऱ्यांच्या भेटीस जाता जाता मला ह्या वचनांचा एक साधा अर्थ दिसू लागला आहे. बहिऱ्यास शब्द ऐकू येत नाही. म्हणून प्रभू त्याच्याशी त्याला कळेल अशा भाषेत, म्हणजे बोटांनी, डोळ्यांनी व श्वासाने बोलला. कानास बोट लावून त्याने जणू सांगितले की, तुझे दुखणे येथे आहे हे मला ठाऊक आहे. जिभेस स्पर्श करून सांगितले की, येथेही आहे. वर पाहून सांगितले की, साह्य तेथून येईल. उसासा त्या मनुष्यास ऐकू आला नसेल, परंतु छाती हललेली दिसली असेल. बरे करण्याच्या आधी त्याने रोग्यास कळविले. रोग्याने वैद्याची भाषा शिकावी अशी अट घातली नाही; वैद्यच रोग्याच्या भाषेत उतरला.

ही गोष्ट आज लिहावयास घेण्याचे कारण आपले मासवण होय. मासवण हे पालघर तालुक्यातील सूर्या नदीकाठचे गाव, पालघराहून मनोरास जाणाऱ्या रस्त्यावरचे. येथे सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. ह्याच गावापाशी सूर्येचे पाणी यंत्रांनी उचलून मोठमोठ्या नळांवाटे थेट वसई-विरारच्या लोकांस पोहोचवितात. पाणी इतके कोस चालते. परंतु कोणत्याही दवाखान्यात जाऊन पाहा, हातभर रुंदीच्या मेजाच्या एका बाजूचा शब्द दुसऱ्या बाजूस पोहोचत नाही, असे पुष्कळदा घडते. आपल्या भागात तर हे विशेष. मेजाच्या ह्या बाजूस पाड्यांवरचे वारली, मल्हार कोळी, कोकणा, कातकरी व गावचे कुणबी बसतात. पश्चिमेकडे बोईसर व तारापूर. तेथे कारखान्यांची मोठी वसाहत झाली, १९६९ साली अणुविजेचे केंद्र सुरू झाले, आणि उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा अशा लांबलांबच्या प्रांतांतून मजूर येऊन चाळींतून राहू लागले. तेही आजारी पडतात. मेजाच्या त्या बाजूस जी परिचारिका असते ती कधी घाटावरची, कधी विदर्भातली, कधी केरळातली. दोघेही आपापल्या परीने भले. परंतु मध्ये भिंत.

परिचारिकेस दोष देण्यापूर्वी तिचे ओझे पाहावे. सरकारी प्रमाणाप्रमाणे आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र व २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावयाचे. लसी, बाळंतपणे, वजने, ताप, सर्पदंश, आणि ह्या सगळ्यांच्या वह्या. बाहेर बाकावर तीस माणसे बसलेली असता एकीशी अर्धा तास बोलणे तिला कसे जमावे? हे मी जाणतो. तरी पुढे जे लिहितो ते तिने व आपण सर्वांनी ऐकावे असे मला वाटते.

वारली बोलीस कोणी मराठीची पोटभाषा म्हणतात, कोणी निराळी भाषा मानितात. पंडितांचा वाद पंडितांनी मिटवावा. मी पुस्तकी मराठी शिकून ह्या भागात आलो आणि पहिल्याप्रथम एका पाड्यावर उपदेश केला, तेव्हा लोकांनी तो अत्यंत आदराने, हू की चू न करिता ऐकून घेतला. उपासना संपल्यावर एक म्हातारा जवळ येऊन म्हणाला, "पाद्रीबाबा, आता आमच्यासाठी सांगा." त्या दिवसापासून मी त्यांची बोली शिकू लागलो.

शरीराविषयीचे बोलणे तर सर्वांत अवघड, कारण ते पुस्तकांत नसते. आपण म्हणतो, तोंड आले, डोळे आले. परप्रांतीय परिचारिकेस वाटते, तोंड कोठून आले आणि डोळे कोठे गेले होते? बाई म्हणते, अंगावरून पांढरे जाते. ऐकणारीस त्वचेचा रोग वाटतो. एक परिचारिका स्वतःच हसत हसत सांगत होती की ती नवीन आली तेव्हा तिला थोडी हिंदीच काय ती येत असे. एक गरोदर बाई पोट धरून "कळा येतात, कळा येतात" म्हणत होती. हिला वाटले, ही 'कल' म्हणते, म्हणजे उद्या येईन म्हणते. म्हणून हिने बरे म्हणून मान डोलाविली. देवाच्या कृपेने शेजारी एक दाई होती, म्हणून ते बाळंतपण ओट्यावर झाले नाही.

शब्द कळले तरी रीत कळत नाही. पुष्कळ गावांत बायको नवऱ्याचे नाव घेत नाही. परिचारिका वही पुढे ओढून विचारते, नवऱ्याचे नाव काय? बाई गप्प. पुन्हा मोठ्याने विचारते. बाई अधिकच गप्प, आणि वहीपुढची बाई तिला मूर्ख समजते. बरोबरच्या पोराला विचारिले असते तर काम झाले असते. तसेच, गोळी दिवसातून तीन वेळा जेवणानंतर घ्यावी असे सांगतात. ज्या घरी दोनच वेळा चूल पेटते त्या घरचा मनुष्य दोनच गोळ्या घेतो, आणि तो आज्ञाधारकपणेच वागत असतो. पुढल्या महिन्याच्या अमुक तारखेस ये म्हणतात. त्या बाईचा महिना बाजाराच्या दिवसांनी मोजला जातो, आणि दिवाळी झाली की सारे कुटुंब वीटभट्टीवर जाणार असते, हे तिला कोणी विचारीत नाही व ती आपण होऊन सांगत नाही.

ह्या सर्वांहून फसविणारा शब्द म्हणजे 'हो'. परिचारिका विचारते, "कळले का?" रोगी म्हणतो, "हो." हा हो समजल्याचा नव्हे. त्याचा अर्थ, बाई, आपण रागावू नका. किंवा, मला लवकर जाऊ द्या, शेवटची गाडी चुकेल. किंवा नुसते, आपण बोललात ते मी ऐकिले. आपल्या उपासनेतील 'आमेन' देखील कित्येकदा ह्याच जातीचा असतो, परंतु तो विषय निराळा. कळले का असे विचारू नये. "मावशी, घरी गेल्यावर सासूला काय सांगशील?" असे विचारावे. मग ती जे बोलेल त्यावरून आपले बोलणे कोठवर पोहोचले ते कळून येईल. ह्याला घटकाभर वेळ लागत नाही.

मावशी म्हणण्यातही अर्थ आहे. २ राजे ह्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात अरामाचा सेनापती नामान अलीशाच्या दारी येतो. संदेष्टा स्वतः बाहेर येत नाही. निरोप्याच्या तोंडी सांगून पाठवितो की यार्देनेत सात वेळा बुडी मार. औषध बरोबर होते, तरी रोगी संतापून निघून गेला. का? त्याच्या मनात वैद्याचे एक चित्र होते: तो समोर येईल, देवाचे नाव घेईल, दुखऱ्या जागेवर हात फिरवील. तसे काहीच घडले नाही. तो परक्या मुलखात आला होता व त्याला अपमान झालासा वाटला. मग त्याला वळविले कोणी? त्याच्याच चाकरांनी, त्याला बाप म्हणून हाक मारून. औषध तेच, नदी तीच. परंतु सांगणारा आपला व हाक मायेची. आपल्या पाड्यावरचा रोगीदेखील मनात एक चित्र घेऊन दवाखान्यात येतो. भगत त्याच्याजवळ बसतो, घरच्यांची विचारपूस करितो, अंगावरून हात फिरवितो. भगताच्या मंत्रतंत्रावर माझा विश्वास नाही हे वाचकांस ठाऊक आहे. परंतु तो जवळ बसतो, हे खरे आहे. आणि जेथे कोणी जवळ बसत नाही तेथून रोगी परत त्याच्याकडे का जातो, ह्याचे नवल करण्याचे कारण नाही.

आता मला माझ्याविषयी लिहावयाचे आहे. कोणत्या साली व कोणत्या दवाखान्यात हे घडले ते सांगत नाही. दोष दवाखान्याचा नव्हता. एका पाड्यावरची एक तरुण बाई कित्येक आठवडे खोकत होती. तपासणीत क्षयरोग निघाला. तेथील परिचारिका केरळची, स्वभावाने शांत. तिला मराठी थोडे येई, वारली मुळीच नाही. मी दुसऱ्या एका आजाऱ्यास भेटण्यास गेलो होतो. तिने मला हाक मारून दुभाषी होण्यास सांगितले. खोलीचे दार उघडे होते, बाकावरची माणसे कान देऊन होती, आणि त्या बाईचा दीर दारात उभा होता. परिचारिका हिंदीत एकेक वाक्य बोले व मी ते वारलीत सांगे. औषध रोज घ्यावयाचे. सहा महिने घ्यावयाचे. बरे वाटू लागले तरी सोडावयाचे नाही. खोकताना तोंडावर पदर धरावयाचा. शेवटी ती म्हणाली, ह्या औषधाने लघवी तांबडी होईल. ते रक्त नव्हे, औषधाचा रंग आहे. भिऊ नको, असे हिला सांगा.

हे मी सांगितले नाही. पुढे दीर उभा, बाहेर लोक, मी गळ्यात पाद्रीची पांढरी पट्टी घातलेला, आणि ती बाई मान खाली घालून बसलेली. असला शब्द मी चारचौघांत एका परक्या बाईपुढे कसा उच्चारावा? मी मनात म्हटले, बारीकसारीक गोष्ट आहे, परिचारिका पुढे केव्हातरी सांगेल. आणि त्या वाक्याच्या जागी मी आपल्या पदरचे एक वाक्य घातले: "औषध कडक आहे, पण भिऊ नको." परिचारिकेने विचारिले, समजले का? बाई म्हणाली, हो.

दुसऱ्याच दिवशी तिने तो तांबडा रंग पाहिला. औषध कडक आहे असे पाद्रीने सांगितलेच होते. कडक म्हणजे हेच, ते अंगातले रक्त काढून टाकिते, असे तिने ठरविले. नवऱ्यास व दिरास सांगण्याची सोय नव्हती. सासूस सांगितले, सासू म्हणाली, सोड ते. गोळ्या कुडाच्या भिंतीत खोचून ठेविल्या गेल्या, भगताकडे एक कोंबडे गेले, आणि दिवाळीनंतर सारी मंडळी वीटभट्टीवर निघून गेली. दवाखान्याची माणसे तिच्या शोधास दोनदा पाड्यावर जाऊन आली, घर बंद. होळीस ती परत आली तेव्हा तिच्या हाडांवर नुसती कातडी राहिली होती, आणि तिच्या चार वर्षांच्या मुलाच्या मानेवर गाठी आल्या होत्या. त्यालाही क्षयच निघाला. मी त्यांना गाडीत घालून पुन्हा त्याच दवाखान्यात नेले.

औषध का सोडिले, हे तिने मला सांगितले नाही. परिचारिकेने पाड्यावरच्या आशाताईस मध्ये घेऊन विचारिले, तेव्हा ती बोलली. परिचारिका बाहेर माझ्याकडे आली. तिने मला दोष दिला नाही. फक्त विचारिले, "पाद्रीसाहेब, तुम्ही तिला सांगितले होते ना?" मी नाही म्हणालो. ह्या एका 'नाही'साठी मला किती वेळ लागला ते देवास ठाऊक. जे त्या दिवशी एका खोलीत बोललो नाही ते आज वर्तमानपत्रात छापून देत आहे. क्षयाच्या औषधाने लघवी तांबडी-नारिंगी होते. ते रक्त नव्हे. ज्यांच्या मंडळीत कोणी हे औषध घेत असेल त्यांनी ही गोष्ट त्याच्या घरी जाऊन, त्याच्या बोलीत सांगावी.

पौलाने करिंथकरांच्या मंडळीस लिहिताना समजावून सांगितले की जेथे अर्थ कळत नाही तेथे बोलणारा व ऐकणारा एकमेकांस परकेच राहतात, म्हणून अर्थ सांगणारा असल्यावाचून परभाषेत बोलू नये. परंतु अर्थ सांगणाऱ्यानेच मधला शब्द गाळिला तर काय, ह्याविषयी त्याने काही लिहिले नाही. असे कोणी करील हे त्याच्या मनातही आले नसेल. आम्ही पाळक व उपदेशक हे सर्रास करितो. खेड्यात लिहिणेवाचणे येणारा म्हणून आम्हांसच दवाखान्यात नेतात, आणि तेथे आम्ही दुभाषी न राहता मुख्त्यार होतो. बाई पाच मिनिटे सांगते, आम्ही म्हणतो, "हिचे पोट दुखते." त्या पाच मिनिटांत कधीपासून, कशाने, रात्री की दिवसा, हे सर्व होते, ते आम्हांस पाल्हाळ वाटले. परिचारिका प्रश्न बाईस विचारिते आणि उत्तर आम्ही देतो. ती भगताकडे जाऊन आली आहे हे आम्ही लपवितो, आपल्या मंडळीची अब्रू जाईल म्हणून; आणि त्याने काय पाला दिला होता हे कळणे कदाचित औषध देणारास सर्वांत अवश्य असेल. उपदेशक बंधूंनो, दोन्हीकडचा शब्दन् शब्द पलीकडे न्या. जो शब्द तुमच्या तोंडून निघत नसेल तेथे थांबा, आणि परिचारिकेस सरळ सांगा की हे माझ्याने होत नाही, कोणी बाई बोलवा. बायबलबाई असो, आशाताई असो, शेजारीण असो. आईचे दुखणे सांगण्यास तिच्या लहान मुलास उभे करू नका. आणि दार लावून घ्या. प्रभूने त्या बहिऱ्यास आधी गर्दीतून एकीकडे नेले, हे विसरू नका; ते पहिले काम आम्हीच विसरतो.

महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकास गडचिरोली जिल्ह्यात एक प्रयोग झाला आहे, तो आपल्या लोकांस ठाऊक असावा. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग हे दांपत्य १९८६ पासून तेथे काम करीत आले. दवाखाना बांधण्यापूर्वी त्यांनी गोंड लोकांस विचारिले की तुम्ही मोठ्या इस्पितळात का येत नाही? लोकांनी सांगितले की तेथे भय वाटते. इमारत चक्रव्यूहासारखी; आमची बोली कोणास कळत नाही; नातेवाइकांस बाहेर काढतात. आणि तेथील डॉक्टर व परिचारिका पांढरी वस्त्रे नेसतात. आमच्यात पांढऱ्या वस्त्रात प्रेत गुंडाळतात. जे स्वतःच प्रेतासारखे नेसले आहेत ते दुसऱ्यास कसे जगवतील? किती सरळ प्रश्न! आम्ही ज्या पांढऱ्या वस्त्रास स्वच्छतेचे व सेवेचे चिन्ह समजतो, ते त्यांस मरणाचे चिन्ह. मग तेथे गावासारखा दवाखाना झाला, झोपड्यांसारख्या खोल्यांचा, नातेवाइकांस बरोबर राहता येईल असा. १९९३ साली तो सुरू झाला व लोकांच्या इच्छेने त्यास दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. ह्या नावाविषयी आपल्यापैकी काहींस अडचण वाटेल, व मी त्या देवीस नमन करणारा नव्हे. परंतु आधी विचारिले आणि मग बांधिले, ह्या क्रमापुढे मी आपली टोपी काढतो. आम्ही देवाचे मंदिर बांधतानासुद्धा इतके विचारीत नाही.

त्याच डॉक्टर राणीबाईंनी तेथील स्त्रियांजवळ बसून त्यांच्या दुखण्याचे त्यांचे शब्द समजून घेतले. पुढे वसा व अमिर्झा ह्या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी झाली, तीत शेकडा ९२ स्त्रियांस स्त्रीरोग आढळला; आणि त्यांपैकी शेकडा ८ जणींचीच अशी तपासणी पूर्वी कधी झाली होती. हे १९८९ साली 'द लॅन्सेट' ह्या विलायती वैद्यकीय नियतकालिकात छापून आले तेव्हा जगातील डॉक्टर चकित झाले. बाकीच्या जणींनी दुखणे अंगावर काढिले होते. त्यांच्याशी बोलावयास योग्य जागी, योग्य शब्दांत कोणी गेलेच नव्हते. अमेरिकेतही मॅडलिन लेनिंजर नावाच्या परिचारिकेने न्यू गिनीच्या डोंगरातील गादसुप लोकांमध्ये राहून अभ्यास केला व परक्या रीतीच्या रोग्याची शुश्रूषा कशी करावी ह्याचे एक स्वतंत्र शास्त्रच उभारिले. ह्या विषयावरचे तिचे पहिले पुस्तक १९७० साली निघाले.

आपल्या मंडळ्यांस हे अगदी नवे नाही. ज्या मिशनऱ्यांनी आपल्याकडे डहाणूसारख्या ठिकाणी दवाखाने घातले त्यांस आल्याबरोबर भाषेच्या अभ्यासास बसवीत व परीक्षा घेत, काम नंतर. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून सबंध शास्त्राचे भाषांतर केले ते अशासाठी की साध्या बायकांना साध्या मराठीत ते कळावे. त्या १९२२ साली प्रभूकडे गेल्या व ते १९२४ साली छापून निघाले. परंतु आता आपल्याच मंडळ्यांतील कित्येक मुली परिचारिकेचे शिक्षण घेऊन येत आहेत, आणि मला खेद होतो तो येथे. पाड्यावर वाढलेली मुलगी तीन वर्षे शहरात राहून आली, की आपल्या मावशीच्या बोलीस हसते. रोगी तिच्या आईच्या बोलीत बोलतो, ती त्याला पुस्तकी मराठीत उत्तर देते, जणू ती बोली तिने कधी ऐकिलीच नाही! शास्ते ह्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात यार्देनेच्या उताराशी एक शब्द नीट उच्चारिता येईना म्हणून एफ्राइमाचे बेचाळीस हजार मनुष्य पडले असे लिहिले आहे. दवाखान्याच्या मेजाशी कोणी तलवार घेऊन उभे नसते. परंतु ज्या बाईच्या उच्चारास एकदा हसले ती पुन्हा येत नाही, आणि तिचे पुढे काय झाले ते वहीत लिहिले जात नाही. मुलींनो, तुमची बोली ही तुमच्या पेटीतील पहिले औषध आहे. तुमच्या बरोबरीच्या परप्रांतीय भगिनींजवळ ते नाही, त्या कष्टाने मिळवितात.

त्या बाईची गोष्ट अर्धी राहिली. होळीनंतर औषध पुन्हा पहिल्यापासून सुरू करावयाचे होते. त्या दिवशी परिचारिकेने मला व दिरास बाहेर पाठविले, आशाताईस आत घेतले आणि दार लोटून घेतले. मी बाकावर बसलो. त्या मुलास मांडीवर घेतले होते. त्याच्या मानेवर पट्टी होती, आणि तो वण आजही आहे. आत बराच वेळ बोलणे चालले. मग परिचारिकेचा आवाज आला. ती काही शब्द वारलीत म्हणू पाहत होती, आणि तो अगदीच वाकडातिकडा निघाला. क्षणभर शांतता. मग त्या बाईचे हसणे ऐकू आले. इतक्या महिन्यांत मी तिला हसताना ऐकिले नव्हते. "तसा नाही, बाई," असे म्हणून तिने तो शब्द स्वतः सावकाश उच्चारून दाखविला. परिचारिकेने तो पुन्हा म्हटला. पुन्हा चुकला. आशाताईही हसू लागली. तिसऱ्या वेळेस तो बरोबर आला असावा, कारण त्यानंतर ती बाई आपण होऊन, आपल्या बोलीत, गोळी केव्हा घ्यावयाची व काय दिसले तर भ्यावयाचे नाही हे सांगू लागली, आणि बाकावर बसलेल्या मला ते दारातून स्पष्ट ऐकू येत होते.